घडीच्या सायकलची मोटर

बाबा,

गेल्या महिन्यात मी घडीच्या सायकलला मोटर बसवली. तयार विकत आणलेली नाही. भंगार बाजारातली छोटी मोटर, तिला पत्र्याची बैठक, वेगळी चेन, सगळं घरीच, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून केलं. तुमच्या जावयांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चढावर पेडल मारायला मनाई केली, तेव्हापासून त्यांनी सायकलवरून गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, जाणंच सोडलं होतं. सकाळभर पेपर हातात, आणि पान तेच. मला ते बघवेना.

पहिल्यांदा सायकल दुमडली तर वायर बिजागरीत चेंगरून सोलली गेली. बॅटरी अजून जोडली नव्हती म्हणून निभावलं. मग तिथे वायरला सैल वळसा ठेवला, बॅटरीजवळ फ्यूज घातला. ह्यांना वाटलं, झालं काम. मी म्हटलं, "अजून नाही." कारण मला पंचवटीतलं आपलं मोटर दुरुस्तीचं दुकान दिसत होतं. मी दहावीत आहे, पंपाची जळालेली मोटर पहिल्यांदाच एकटीनं नवी तार गुंडाळून भरली आहे, आणि ती टेबलाला न बांधताच बटण दाबलंय. मोटर उडी मारून खाली. गिऱ्हाइकासमोर तुम्ही म्हणता, "फिरली, त्यात काय कौतुक? थांबवणार कशी होतीस, ते सांग." मी रडत घरी गेले. संध्याकाळी तुम्ही स्वतःचा टेस्टर माझ्या हातात ठेवलात.

म्हणून ब्रेकच्या दांडीला स्विच लावला. ब्रेक दाबला की मोटर बंद. चाक हवेत उचलून पुन्हापुन्हा पाहिलं आणि मगच ह्यांना बसू दिलं. सोसायटीच्या गेटाबाहेर पडतात न पडतात तोच समोर रिक्षा वळली. ह्यांनी घाबरून ब्रेक आवळला, पण अंगठा मोटरच्या बटणावर तसाच दाबलेला! सायकल जागच्या जागी थांबली. मी मागून धावत आले. ह्यांनी मागे वळून विचारलं, "पुढं जाऊ ना?"

"जा की!"

आता रोज सकाळी गंगेवर जातात, येताना भाजी आणतात, मेथी निवडताना माझ्याशी वाद घालतात. घर पुन्हा घरासारखं झालंय.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुम्ही गेल्यावर ते टाकायचं तरी कुठे, त्यामुळे तुम्हाला सांगायला हरकत नाही. दुपारी हे झोपले की सायकल मी काढते. कुणी विचारलं तर म्हणते, टेस्ट घेतेय. टेस्ट कधीच संपली, बाबा. चढावर लोक वळून बघतात, आणि मी पेडल मारतच नाही.