घरचाच माल

विसराळू लेकीस,

छत्री माझ्याकडे विसरलीस, चष्मा विसरलीस, आता पोटची पोरगीही इथेच विसरलीस. मी सांगते आहे आणि तीच लिहिते आहे, तेव्हा अक्षर तिचं आणि टोमणे माझे.

ऑपरेशन नीट झालं. तिच्याच मांड्यांवरची चरबी नळीने काढून छातीत भरली. मी म्हटलं, घरचाच माल, या खोलीतून त्या खोलीत. ती हसली नाही. छातीला हात लावला तर काही कळतच नाही म्हणते. डॉक्टरीणबाई म्हणतात, स्पर्श कळायला लागेल हळूहळू.

"देवानं दिलेलं पुरलं नाही का?" असं तू फोनवर विचारलंस. तेव्हापासून ती दोन घास खाऊन ताटावरून उठते. वजन उतरलं तर भरलेलंही उतरेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. पण लहानपणापासून, अगदी पाहुण्यांसमोरसुद्धा, तिला 'फळी' म्हणून हाक कोण मारायचं? तेही विसरलीस ना?

इथे तिचं पेन थांबलं. "आजी, हे मी पाठवणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, नको पाठवूस, पण लिही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. नुसती पुढचं लिहायला लागली.

तुझी,
अंगठा लावणारी आई

ता. क. घरचं लोणी पाठव, भरपूर. आणि डब्यावर तिचं नाव घाल. खरं नाव.