उतरण्यास हरकत नाही

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार
वसई झकास आहे! निर्मळला बर्थाबाईंच्या वाडीत दोन खोल्या मिळाल्या. पुढे केळी, मागे मोगरा. बंदरावर आरोग्य निरीक्षक म्हणून आज रुजू झालो. काम सोपं. बाहेरून आलेल्या गलबतावर चढायचं, प्रत्येक खलाशाच्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचा वण बघायचा आणि कागदावर शिक्का मारायचा: उतरण्यास हरकत नाही. फक्त आम्ही पडलो दुष्काळी सांगोल्याचे, होडीत पाय ठेवला की पोटात ढवळतं. शिपाई हरेश्वर हसतो. म्हणे, पान्याला भिनारा साहेब बंदरात कशाला आला? आईवेगळी मंजी मात्र खूश आहे, बर्थाबाईंचा पदर सोडत नाही. पाच वर्षांची झाली तरी तिलाच टोचायचं राहिलंय. गावभर लस टोचत फिरणाऱ्याची पोर! तिची सर्दी गेली की पहिलं काम ते.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
दुपारी उत्तरेकडून खजुराचं गलबत आलं आणि खाडीत नांगरलं. लाटा बघूनच होडीत चढायचं टाळलं. मग शक्कल लढवली. धक्क्यावरूनच ओरडलो, डावे हात वर! अकरा हात वर झाले. मागच्या बंदराच्या जानेवारीतल्या तारेतही खलाशी अकराच होते. मारला शिक्का. हरेश्वर होडीतून गेला आणि वरून सोडलेल्या बादलीत कागद टाकून आला. म्हणाला, कोन बोलतच नाय, साहेब.
येताना पापडी गावच्या बाजारातून मंजीला हिरव्या बांगड्या घेतल्या. आता ती डावा हात वर करून खलाशी-खलाशी खेळते.

११ फेब्रुवारी, सोमवार
मागच्या बंदराची दुसरी तार आली. हे गलबत दिसल्यास कोणालाही उतरू देऊ नका. देवीची साथ. अकराही खलाशी मेले, दोन तारखेपर्यंत सगळे तिथेच पुरले. नंतर गलबत नांगर तुटून वाहून गेलं.
तीनदा वाचली. मग शुक्रवारी हात कोणी वर केले?

१२ फेब्रुवारी
हरेश्वर कामावर आला नाही. घरी बर्थाबाई मंजीला छातीशी धरून बसलेल्या. भर दुपारी दारात एक माणूस उभा होता म्हणतात. नुसता डावा हात वर केला. मंजीनंही केला. उंबऱ्यावर ओली वाळू. पुसली — परत आली.

१३ फेब्रुवारी
आज चौघे. मीही पाहिले. एकाच्या हातात कागद — माझी सही. मी त्यांना कसं अडवू? मीच तर —
मंजीला ताप. सर्दीचाच असू दे, देवा. लस उद्या येईल. तोवर तो कागद परत आणून फाडायचा. म्हणजे गलबतावर जायला हवं —

१४ फेब्रुवारी, सकाळ
बर्थाबाईंना सांगून आलोय, दार लावा, पोरीला सोडू नका. त्यांच्या भावानं, बॅप्टिस्टनं, होडी आणली. तो डोळे मिटून बसलाय. गलबत डोक्यावर. वर कोणी दिसत नाही. या वेळी नीट मोजणार, लिहून —
ओरडलो, डावे हात वर.
आले. पाच. आठ. अकरा.
बारा.
बारावा कठड्यापर्यंत जेमतेम पोचतो. हिरव्या बांगड्या —
मंजे, हात खाली घे, खाली घे गं, तुझ्या दंडावर लशीचा वण अजून —