कांचनावरच्या पांढऱ्या अळ्या

अण्णा, आज दुपारी आमच्या सोसायटीतल्या कांचनाखाली उभी होते आणि तुमची आठवण आली. फांद्यांवर तपकिरी खवले दाटलेत, सालीच्याच गाठी वाटाव्यात असे. खालच्या गाड्यांवर चिकटा, पानांवर काळी बुरशी, खोडावर मुंग्यांची रांग. नखानं एक खवला उचलला तर आतून ओला निघाला, म्हणजे कीड जिवंत. ही परीक्षा तुम्हीच शिकवलेली. कमिटी म्हणते, झाड तोडून टाका. मी एक महिना मागून घेतलाय.

फांद्यांतून ऊन झिरपतं आणि मी पुन्हा ओझरजवळच्या त्या कॉलनीत असते, जिथं तुम्ही माळी होता. दोन कांचन शेजारी शेजारी, खाली फुलांचा सडा. मी कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला, शहाणपण अंगात मावत नाही. तुम्ही जेवायला गेलेले. खवल्यांमधून पांढऱ्या, कापूस चिकटल्यासारख्या अळ्या सावकाश फिरताहेत. हीच कीड, असं ठरवून मी औषधाचा पंप पाठीला लावते आणि फवारते. तुम्ही परत येता आणि खाली पडलेली एक अळी तळहातावर घेता. तुमचा आवाज चढत नाही, त्याचंच जास्त लागतं.

"पोरी, खवले खाणारी हीच व्हती. हिचाच पुढं लेडीबर्ड भुंगा व्हतो. खवल्याला वरून ढाल हाय, त्याला तुझ्या औषधानं काय व्हत नाय." मग शेजारच्या झाडाकडे बघून तुम्ही विचारता, "त्याच्यावर नाय ना मारलं?"

"नाही," मी म्हणते.

"मंग ऱ्हाऊ दे. अळ्या हायेत, त्या बघून घेतील."

साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून आपण संध्याकाळपर्यंत पहिलं झाड घासलं. तुम्ही काहीतरी गुणगुणत होता. पहिलं झाड वाचलं. दुसऱ्याची तुम्ही वाट बघत राहिलात आणि दिवाळीपर्यंत ते वाळलं. कॉलनीच्या साहेबांना म्हणालात, "अंदाज माझा चुकला." त्यानंतर कुठल्याही झाडापाशी तुम्ही मलाच विचारायचात, "बघ, तुला काय वाटतं?" लोकांना ते लेकीचं कौतुक वाटायचं. मला मान वर करवत नसे.

आज सोसायटीतल्या खोडाला मुंग्या अडवायला चिकटपट्टी बांधली, खालच्या फांद्या घासल्या. वरच्या फांदीवर एक पांढरी अळी दिसली. तिला हात लावला नाही. बराच वेळ नुसती बघत बसले.

हा कागद मी घडी करून कपाटातच ठेवणार आहे. तुमचा अंदाज चुकला नव्हता, अण्णा. मी त्या झाडावरही मारलं होतं.