फाटकासमोरचं तेरावं

आई, तुझं तेरावं मी गावात न घालता कंपनीच्या फाटकासमोर घातलं. इतकी वर्षं झाली, तरी ते बरोबरच केलं असं मला वाटतं. ते सगळं कसं झालं, हे तुला सांगायचं राहून गेलंय, म्हणून आज लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आता तुझ्यापेक्षा कितीतरी म्हातारी झाले आहे.

वडील गेले आणि तू मला घेऊन मोशीहून पिंपरीला आलीस. तेव्हा कारखान्यांच्या भिंती नुकत्याच उभ्या राहत होत्या, जिकडंतिकडं खडी आणि चुना, मधूनच कुणाचं तरी ज्वारीचं शेत. पत्र्याच्या एका खोलीत चुलीपुढं बसून तू दोन पाट्या भाकरी थापायचीस आणि फाटकासमोरच्या लिंबाखाली नेऊन विकायचीस. आधी गवंडी, बिगारी तुझ्याकडं जेवले, मग कंपनी सुरू झाल्यावर कामगार. पुढं त्याच कंपनीत मला बाटल्या धुण्याचं काम लागलं. पहिल्या दिवशी मी तू आणलेलं नवं लुगडं नेसून दुसऱ्या पोरींबरोबर फाटकातून आत शिरले आणि तुझ्याकडं मान वळवूनही पाहिलं नाही. संध्याकाळी तू पीठ मळता मळता म्हणालीस, "माझ्याकडं बघितलं न्हाईस तरी चालंल. पन भाकरीची लाज धरू नगंस. तिच्यावरच वाढलीस तू." आवाज चढवला नाहीस. त्यानंतर रोज दुपारच्या सुट्टीत मी तुझ्या शेजारी बसून जेवायला लागले.

आठवडाभर ताप आला आणि तू गेलीस. दहावा मोशीला इंद्रायणीवर झाला. कावळा शिवला, तसे काका घाटाच्या पायरीवरच मला म्हणाले, "तेरावं मारुतीच्या देवळापुढं घालू. सगळं गाव जेवंल."

"काका, तेरावं फाटकापुढं घालायचं. ती बसायची तिथं, लिंबाखाली."

काकांनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली घेतला. "पोरी, आपल्या घरची बाई रस्त्यावर भाकऱ्या इकती, हे आमी गावात कुनाला कळू दिलं न्हाई. आन् तू तितंच पंगत बशिवनार व्हय?"

"गावातल्या कुणी इतक्या वर्षांत तिची चौकशी केली? तिच्या हातचं जे रोज जेवले, ते फाटकाशी आहेत. देवळापुढं घातलं तर त्यातल्या निम्म्यांना तुम्ही पंगतीला बसू तरी द्याल का?"

काका चपला शोधायला लागले. मग मी धडधडीत खोटं बोलले, "तिनंच मला तसं सांगून ठेवलं होतं." तू असलं काही सांगितलं नव्हतंस, तापात नुसतं पाणी मागत होतीस. पण त्यावर काकांचं काही चालेना. "तुज्या मनासारखं कर," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

मी कामाला लागले. फाटकावरच्या दरवानाला विचारलं, तर तो म्हणाला, "मला काय इचारताय, ताई? ट्रक जाईल येवढी वाट सोडा, बास." तुझ्या शेजारी पापड घेऊन बसणारी सिंधी बाई, निर्वासितांच्या कॅम्पातली, तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती तेराव्याच्या सकाळी स्वतःहून आली, लिंबाखालची जागा झाडून तिनं सडा घातला आणि म्हणाली, "तेरी माँ की जगह है, मैं करेगी." आमच्या चाळीतल्या बायकांनी सकाळपासून भाकऱ्या थापल्या. पिठलं, ठेचा, कांदा, आणि तेराव्याला गोड हवं म्हणून गुळाची लापशी.

दुपारचा भोंगा होतो. मी पातेल्यापाशी उभी आहे, हात पिठल्यानं माखलेले. माणसं फाटकातून बाहेर येतात, रोजच्यासारखी धावत नाहीत, सावकाश येतात. टोप्या काढून हातात घेतात, रस्त्याच्या कडेनं मांडी घालून बसतात. कोण कुणाच्या शेजारी बसला, हे कुणी बघत नाही. फिटर, हमाल, झाडूवाला, दोन कारकूनसुद्धा. पहिली पंगत अर्ध्यावर आली तेव्हा मला काका दिसले. मोशीहून चालत आले होते, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. बसले नाहीत, लांब उभे राहिले.

त्यांच्यापुढंच एक कोकणातला कामगार जेवत होता. त्यानं वर पाहून विचारलं, "तुम्ही मावशींचे कोण?"

"दीर."

"मी इथं आलो तेव्हा मला ज्वारीची भाकरी उतरत नव्हती हो. आमच्याकडं तांदळाची. मावशींनी चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी माझ्यापुरत्या तांदळाच्या भाकऱ्या करून आणल्या. महिनाभर आणत होत्या. मग म्हणाल्या, आता ज्वारीची शिक, आयुष्य हितंच काढायचंय तुला." तो हसला आणि पुढ्यातली ज्वारीची भाकरी मोडायला लागला.

काकांनी बाह्या सारल्या, माझ्या हातातून पिठल्याची बादली घेतली आणि पंगतीत शिरले. "घ्या, घ्या. लाजू नका. आमच्या वहिनीचं हाय." त्यांच्या तोंडून तुझ्याबद्दल 'आमच्या' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तीन पंगती झाल्या, तिन्ही त्यांनी वाढल्या. जाताना मला म्हणाले, "गावाला मी सांगन काय ते." आणि त्यांनी सांगितलं, पुढच्या वर्षी मोशीहून दोन बैलगाड्या भरून माणसं वर्षश्राद्धाला त्याच लिंबाखाली आली.

पुढं रस्ता रुंद करताना झाड गेलं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. झालं ते झाडामुळं झालं नव्हतं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून माझ्याजवळच ठेवणार. पण एक सांगते, जे त्या दिवशी कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी रडले नाही, तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी धीराची. धीर वगैरे काही नव्हता, आई. इतकी माणसं तुझं नाव घेऊन जेवत होती आणि मला आनंद झाला होता. शेवटची पंगत उठली तेव्हा अजून एक बसावी, असं वाटत होतं.