विहिरीजवळचं तिसरं फळ

प्रिय हरी,

तू ठेवून गेलेलं निळं अंतर्देशीय पत्र आज पेटीतून काढलं. तू कोचीनकडं फौजेत होता तवा दर सुट्टीत मले असे पाच-सहा कागद आणून द्यायचा अन् म्हणायचा, "बाई, एक तरी पत्र तुह्या हातचं येऊ दे. मास्तरच्या हातचं वाचून कंटाळलो मी." माही शाळा दुसरीपर्यंतची. लाज वाटे. बाकीचे कागद सूनबाईच्या माहेरी लिहिण्यात गेले, हा एकच उरला. आज लिहायले बसली, काऊन की सकाळी तुह्या झाडाचं तिसरं फळ वाजलं. खरंच वाजलं रे!

पण पहिले आनंदाची गोष्ट. मी आजी झाली! आपल्या सूनबाईले, शोभाले मुलगी झाली, परवा सव्वा महिना भरला. नाक थेट तुह्यावाणी, पसरट. मी साऱ्या गल्लीत साखर वाटली. लोक म्हणत असतीन, भाऊ जाऊन चार महिने नाई झाले अन् बाई साखर वाटून राह्यली. म्हणू दे. आनंद झाला म्हून वाटली.

आनंद झाला हे मले कळते, हरी. पण आत पोचत नाई. पोरीले मांडीवर घेतलं का मांडी तेवढी गरम होते.

तू गेला त्या दिवशीही असंच. शेजारची लीलाबाई म्हणे, "रड वं माय, मोकळी हो." मी तिले विचारलं, चहात साखर किती टाकू.

तुले आठवते, ते रोप तू डालड्याच्या डब्यात आणलं होतं? तीन दिवस गाडीत मांडीवर धरून. म्हटलं, बहिणीसाठी लुगडं आणलं असन, तं हातात डबा! "बाई, हे कोकोचं झाड. याच्या बियांचं चाकलेट होते." वर्ध्याच्या उन्हात हे जगते का? पण तू विहिरीजवळ, आंब्याच्या सावलीत लावलं, उन्हाळ्यात भोवती ओली पोती बांधली. फौजेतून सुटून इथंच राहायले आला तवापासून तं त्याच्याच मागं. ना बायको केली, ना लेकरू. मी चिडवायची, "याच्याशीच लगीन लाव आता."

मग खोडालेच फुलं आली, जवारीच्या दाण्याएवढी. मग फळं. लीलाबाई पाहून म्हणे, "बाई, दोडके झाडाले कशे चिकटवले वं?" तू किती हसला! तीनच फळं टिकली. दोन मोठी, एक लहान, मागच्या बाजूनं.

तवाच तू दुखण्यानं बाजेवर पडला. पोट फुगलं, जेवण तुटलं. डॉक्टरनं काई सांगतलं नाई, म्हंजे सारं सांगतलं. बाज विहिरीकडं तोंड करून टाकायले लावली अन् रोज मले धाडायचा. "जाय बाई, नखानं खरवडून पाह्य. खाली हिरवं दिसलं तं सोडून दे."

"हिरवंच आहे."

"मग थांब. पिवळं होऊ दे. मग धक्का देऊन कान लाव, आत बिया वाजल्या पाहिजे. अन् हातानं पिळून तोडजो नोको. विळ्यानं काप. त्याच जागी पुढच्या साली फूल येते."

मी म्हटलं, नारळाचं पाणी वाजते, हे फळ काय वाजन! तू म्हणाला, "बाई, तुले धीरच नाई."

धीर कुठून आणू? झाडाले वेळ होता, तुले नव्हता. हे तुले दिसत नव्हतं का? का दिसत होतं अन् मले दाखवत नव्हता?

भाऊबीजेले आठ दिवस होते. मले वाटलं, आंबा आपण कच्चाच उतरवतो ना? अढीत घालतो, पिकते. सीताफळ गव्हात दाबतो, दोन दिवसात डोळे उघडते. माह्या हातची अढी आपल्या अल्लीपूर गावात कधी सडली नाई! तू झोपला होता. मी दोन्ही मोठी फळं हातानंच पिळून तोडली. साल सोलत निघाली. गव्हाच्या काडात घातली, वरून पोतं टाकलं अन् तुले म्हटलं, खारीनं नेली. तू मान फिरवून झाडाकडं पाहत राह्यला.

भाऊबीजेले तुले उशीला टेकवून बसवलं, ओवाळलं, अन् ताटात ते फळ ठेवलं. हिरवं ते हिरवंच, एका टोकाले काळं पडलेलं. मले वाटलं, रागावशीन. तू हसला. "ही खार चांगली चुडीवाली आहे!" मग हळूच म्हणाला, "बाई, हा आंबा नोहे. हे झाडावरून तुटलं का याचं पिकणंच थांबते."

तरी कापायले लावलं. आत बिया घट्ट बसलेल्या, सालीले चिकटून. तू एक ओढून काढली, तोंडात घोळवली, डोळे मिटले.

"गोड आहे," म्हणाला.

तू अंगणात झोपल्यावर मी दुसरी चाखली. कच्च्या वाळकावाणी! तुरट, पांचट. काऊन खोटं बोलला, हरी? मले एक शिवी दिली असती तं बरं झालं असतं. भाऊबीजेपासून बाराव्या दिवशी तू गेला. तोंडात काय चव घेऊन गेला रे?

मग मी विहिरीकडं गेलीच नाई. पाणी कोन टाकते, पाह्यलं नाई. बाळंतिणीच्या न्हाणीचं पाणी शोभा नाली काढून तिकडं सोडत होती, तेवढ्यावर ते जगलं. काल तीच म्हणे, "हरीमामाचं फळ पिवळं झालं वाटते, आत्याबाई." कोनतं फळ? ते लहानं, मागचं. मी विसरूनच गेली होती.

सकाळी पोरीले छातीशी धरून गेली. नखानं खरवडलं, खाली पिवळंच. कान लावून धक्का दिला. खुळखुळ! पोरीनं मान वळवली, डोळे मोठ्ठे केले. मी पुन्हा वाजवलं, तिनं पुन्हा मान वळवली. किती वेळ दोघी तेच करत होतो, शोभा हाका मारून थकली. मग विळ्यानं कापलं, देठ ठेवून, तू सांगतलं तसं.

आत बिया सुटलेल्या, पांढरा मऊ गर. एक तोंडात टाकली. हरी, गोड! आंबटसर गोड, सीताफळाच्या जरा अलीकडचं. कोचीनले तू हेच खाल्लं असशीन. त्या दिवशी डोळे मिटून तू याचीच चव आठवली अन् मले गोड म्हटलं, होय ना?

रडू आजही नाई आलं. बी मात्र लय वेळ तोंडात ठेवली. थुंकवेना.

पाच बिया राखेत घोळून डालड्याच्या डब्यात लावल्या. झाडाले नवी फुलं आली आहेत, पण मी पिळून तोडलं त्या दोन जागा काळ्या पडल्या. तिथं काई नाई. रोज पाणी टाकताना पाहीन.

कागद भरत आला. लीलाबाई म्हणते, भाऊ नसला का भाऊबीजेले चंद्राले ओवाळायचं. चंद्राची अन् माही काय ओळख! मी विहिरीजवळ पाट मांडीन. फळ वाजलं तं ताटात ठेवीन. नाई वाजलं तं नुसत्या सुपारीनं ओवाळीन, पण कच्चं तोडणार नाई. तुह्यावर पुन्हा गोड म्हणायची पाळी येऊ देणार नाई.

तुही,
बाई

हे माह्या हातचं आहे. मास्तरच्या नाई.