नात्याचा रकाना

योंगदो, बुसान
ता. ६ नोव्हेंबर २००९

चि. मालजास,
ताईचा पाठीवरून हात. तुझं पत्र परवा पोचलं. मी फोन घेत नाही म्हणून पुन्हा रागावली आहेस. अगं, घेते की. पण तू बोलतेस आणि मला नुसती गिरणी चालल्यासारखं ऐकू येतं. डावा कान गेलाच होता, आता उजवाही त्याच्या मागे निघालाय. त्यापेक्षा पत्र बरं. दोनदा वाचता येतं, आणि तुला मध्येच तोडता येत नाही.

अठरा तारखेच्या सकाळी माझी बोट शिमोनोसेकीला लागेल. तू दुकान सोडून धक्क्यावर येऊ नकोस, रस्ता मला पाठ आहे. किमचीचा कोबी आधी आणून ठेव, पण मिठात मी आल्यावरच घालायचा. गेल्या वर्षी तू घाई केलीस आणि चाळीस गड्डे पार लोळागोळा झाले, आठवतंय ना? या वेळचं तिखट बघशील तर खूश होशील. बिया काढून दोनदा उन्हात घातलंय. डबा उघडला की शेजारीण शिंकते. खारवलेला जवळाही पुरेसा घेतलाय.

सप्टेंबरात बंदरावरच्या साहेबाने माझा पासपोर्ट पानन् पान उलटला आणि म्हणाला, आजी, तुम्ही फार वेळा येता. मी म्हटलं, बहिणीकडे यायचं नाही तर कुठे जायचं? हसून शिक्का मारला बिचाऱ्याने. आपल्या कोरियन लोकांना जपानचा व्हिसा लागत नाही म्हणून तर शेजारच्या गल्लीत गेल्यासारखं जाता येतं.

तुझ्या युरीच्या लग्नाचं एप्रिलचं पक्कं ना? माझा हानबोक मी आत्ताच शिवायला टाकलाय. तू आणि तुझ्या नाकानोंनी खानावळीचं हे दुकान उभं केलंत तेव्हा साडेतीन वर्षं पोर इथे माझ्या पाठुंगळी होती. तेव्हा फोटोत मी तुझ्या शेजारी, मधोमध बसणार. कुणी हलवून दाखवावं.

बाकी भेटीत. माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
ओकबुनताई

—

शिमोनोसेकी
ता. २१ नोव्हेंबर २००९

ती. ताईस,
मालजाचा वाकून नमस्कार, वि. वि.

ताई, कुठे राहिलीस? अठराला समुद्रशेवाळाचं सूप गरम करून तुझी वाट बघत बसले. सकाळपासून दुकानातच होते, फोन एकदाही वाजला नाही. दुपार झाली तेव्हा म्हटलं, बोट चुकली असेल, नाहीतर तब्येत बिघडली असेल. तीन दिवस झाले, जिवाला घोर लागलाय.

तीनशे गड्डे मागच्या दाराशी पडून आहेत. शेवटी मी आणि युरीने निम्मे मिठात घातले. तुझ्या हातची चव येणार नाही हे माहीत आहे. नेहमीचे लोक आत्ताच विचारायला लागलेत की यंदा किमची कधी. लगेच चार ओळी टाक.

आशीर्वादात ठेव.
तुझी,
मालजा

—

योंगदो, बुसान
ता. २८ नोव्हेंबर २००९

चि. मालजास,
ताईचे आशीर्वाद, नेहमीसारखेच, थोडे दमलेले.

घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. मला त्यांनी बंदरावरूनच परत पाठवलं. लाज वाटत होती म्हणून दहा दिवस लिहिलं नाही.

झालं असं. आधी बोटांचे ठसे यंत्राला कळेनात. जन्मभर मीठ आणि तिखट, बोटांवर रेघा राहिल्यात कुठे? मग मला आतल्या खोलीत नेलं. एक साहेब आणि एक दुभाषी बाई. चहा दिला, अगदी अदबीने वागले. साहेब म्हणाला, तीन वर्षांत पंधरा वेळा आलात, इथे करता काय? मी सांगितलं, बहिणीकडे जाते, किमची घालते. त्याने विचारलं, किती कोबीची? आणि मी मूर्ख, छाती काढून म्हणाले, तीनशे. एकटीने, तीन दिवसांत. दुभाषी बाईंनी पुन्हा विचारलं. मला वाटलं कौतुक करतेय, म्हणून वर सांगितलं, वसंतातला मुळा वेगळा.

साहेबाने ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, एका घराला तीनशे कोबी लागत नाहीत. हे दुकानाचं काम आहे आणि बिनव्हिशाच्या पाहुण्याला काम करता येत नाही. मी म्हटलं, बहिणीच्या घरी किमची घालणं हे काम कधीपासून झालं? हिवाळ्याआधी सगळ्या बायका एकमेकींकडे जातातच की. पण पिशवीतून ॲप्रन, रबरी हातमोजे आणि बसायचं बुटकं स्टूल निघालं, तेव्हा साहेबाने तेही लिहून घेतलं.

तरी साहेब म्हणाला, तुमच्या बहिणीला विचारू. बाहेर जाऊन फोन करून आला. दुभाषी बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, तिथल्या बाई सांगतात त्यांना बहीणच नाही. मला हसू आलं. मी म्हटलं, नंबर चुकला, परत लावा. पण त्यांनी काही लावला नाही. आता मी खोटारडीही ठरले होते. त्याच दिवशीच्या परतीच्या बोटीत बसवलं. कुठल्या बाईने उचलला असेल फोन, देव जाणे.

आता मुद्द्याचं. इथून पुढे मला व्हिसा काढूनच यावं लागेल. वकिलातीत विचारून आले. तिथल्या माणसाचं बोलावण्याचं पत्र हवं. त्यात नात्याचा रकाना आहे, त्यात ‘थोरली बहीण’ लिहायचं आणि खाली सहीऐवजी तुझ्या नावाचा शिक्का. दोन मिनिटांचं काम. ते आलं की एप्रिलात मी लग्नाला हजर. नाही आलं, तर मला लग्न बघायला मिळणार नाही, एवढं साधं आहे. म्हणून आळस करू नकोस.

तुझ्यावरचा जीव तसाच आहे. तूही ठेव.
ओकबुनताई

—

शिमोनोसेकी
ता. २० डिसेंबर २००९

ती. ताईस,
मालजाचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. वर्षअखेरीची गर्दी, त्यात माझा गुडघा. तुझ्यासोबत जे झालं ते वाचून रडू आलं. नंबर चुकलाच असणार. इथे एका आकड्याच्या फरकाने किती दुकानं आहेत.

पत्राचं मी बघते. कचेऱ्या आता बंद होतील, नव्या वर्षात करू. पण ताई, मनात येतं ते लिहिते. तुझं वय चौसष्ट, कान असे, थंडीत समुद्र खवळलेला. एवढी दगदग हवीच का? युरी फोटोंचा अल्बम पाठवेल, हवी तर सीडीही. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

तब्येत जप. आठवण असू दे.
तुझी,
मालजा

—

शिमोनोसेकी
ता. १७ जानेवारी २०१०

ती. मावशीस,
युरीचा नमस्कार, अगदी जमिनीला डोकं टेकून.

हे पत्र आईला न सांगता लिहितेय. कोरियन लिहिताना माझ्या चुका होतात, सांभाळून घे. तू मला विचारलंस की आईने पत्रावर शिक्का मारला का, तेव्हापासून मला झोप नाही.

नंबर चुकला नव्हता, मावशी. अठराला दहाच्या सुमारास फोन वाजला. मी आत कांदे चिरत होते. आईनेच उचलला. आधी ‘हो, हो’ म्हणत होती. मग एकदम आवाज बदलला. म्हणाली, माझी कुणी बहीण नाही. ती आमच्या गावाकडची ओळखीची बाई आहे, तिखट विकायला येते, मी तिला कधी बोलावलं नाही. फोन ठेवला. मी विचारलं, कुणाचा होता? म्हणाली, कुणाचा नाही. आणि कट्टा पुसायला लागली. तुझं सूप तेव्हा शेगडीवर होतं.

जपानी नागरिकत्वाचा अर्ज दिलाय ना तिने, तेव्हापासून सरकारी माणसाचा आवाज ऐकला तरी ती थरथरते. हे कारण आहे, पण मला ते पुरत नाही.

पत्र मी पाठवते. पण आपलं नातं दाखवायला आईचे जन्माचे कागद जोडावे लागतील, आणि मग ती फोनवर खोटं बोलली ते उघड होईल. होऊ दे. तू फक्त हो म्हण.

तुझीच,
युरी

—

योंगदो, बुसान
ता. २५ जानेवारी २०१०

चि. युरीस,
मावशीचे खूप खूप पापे.

कागद पाठवू नकोस. तुझ्या हातून तुझ्या आईला पकडून द्यायचं नाही मला. लग्नाच्या तोंडावर मुलीने आईशी वैर घेऊ नये. खोटं तिने सांगितलंय, निस्तरायचंही तिनेच. मी तिला आता फक्त एवढंच लिहिलंय की मला सगळं कळलंय आणि मी कागदाची वाट बघतेय. ती माझी धाकटी बहीण आहे, मी ओळखते तिला. करील नीट.

तू जेवत जा. नवरीने वाळू नये.
मावशी

—

शिमोनोसेकी
ता. २० फेब्रुवारी २०१०

ती. ताईस,
नमस्कार. कुठल्या तोंडाने करू, पण करते.

तुला सगळं कळलंय, तेव्हा लपवत नाही. हो, मीच बोलले. पण आधी मला सांग, तुला तीनशे म्हणायची काय गरज होती? तीस म्हणाली असतीस तर घरचं म्हणून सोडलं असतं. सगळ्या जगाला आपली फुशारकी सांगायची तुझी खोड लहानपणापासूनची. फोनवर त्या माणसाने पहिलं वाक्य काय म्हटलं माहीत आहे? तुमच्या दुकानात बिनपरवान्याची बाई वर्षानुवर्षं काम करते का? हो म्हटलं असतं तर दुकान गेलं असतं, अर्ज गेला असता, युरीच्या सासरी कळलं असतं. एकोणतीस वर्षं मी या देशात मान खाली घालून काढली. तुला इथे रोज राहावं लागत नाही, ताई. तू पाहुणी येतेस आणि जातेस.

एका वाक्याने सगळं वाचत होतं. मी ते वाक्य बोलले. तुला बोट धरून कुणी विहिरीत ढकललं नाही, घरीच तर पाठवलं.

पत्र सोबत जोडलंय, शिक्का मारलाय. नात्याच्या रकान्यात ‘ओळखीच्या’ लिहिलंय, कारण त्यांच्याकडे माझं बोलणं तसंच नोंदलेलं आहे. आता बदललं तर मी गोत्यात येईन. तुला यायला मिळण्याशी मतलब. रकान्यात काय आहे ते कोण वाचतंय? तू समजून घेशील. नेहमीच घेतेस.

मनात ठेवू नकोस.
तुझी,
मालजा

—

योंगदो, बुसान
ता. १९ मार्च २०१०

श्रीमती नाकानो मालजा यांस,
सा. न. वि. वि.

आपलं बोलावण्याचं पत्र मिळालं. त्याबद्दल आभारी आहे.

ते घेऊन मी वकिलातीत गेले. घरून ठरवून गेले होते की खरं तेच सांगायचं. आपल्या दोघींच्या जन्माचा दाखला पिशवीत होता. खिडकीतल्या बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, या बाई तुमच्या कोण? माझ्या डोळ्यांपुढे युरी आली. मी म्हणाले, ओळखीच्या आहेत.

वाटलं होतं, जीभ अडेल. नाही अडली. बाईंनी मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. त्या दिवशी फोनवर आपल्याला ते कसं जमलं असेल, याचा विचार मी दोन महिने करत होते. मनात आपली बाजू घेत होते, की फार जड गेलं असेल, घशात दाटलं असेल. जड जात नाही, हे मला आता कळलं. तेच मला सहन होत नाही.

मी रागावले नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. त्यांनी परत पाठवलं याचा राग नाही, त्यांचा नियम आहे आणि तीनशेचा शहाणपणा माझाच. घाबरून एकदा तोंडातून गेलं, तेही मी गिळलं असतं. पण नंतर तीन महिने आपल्याकडे होते. स्वस्थ बसून, पेन हातात घेऊन, विचार करून आपण ते पुन्हा लिहिलंत आणि वर शिक्का मारलात. आणि मी समजून घेईन, हेही आपणच ठरवून टाकलंत.

व्हिसा मिळाला आहे, तीन दिवसांचा. लग्नाला येईन, कारण युरीला शब्द दिलाय. स्टेशनजवळ खोली घेतली आहे. दुकानात येणार नाही, कोबीला हात लावणार नाही. मला पाहुण्यांत, मागच्या रांगेत जागा द्यावी. घरच्यांचा फोटो काढताना मला हाक मारू नये. नवऱ्याकडच्या कुणी विचारलं, ही कोण, तर आपण कागदावर जे लिहिलंय तेच सांगावं. माझंही उत्तर तेच राहील. युरीची मात्र मी मावशीच आहे.

लोभ मागत नाही. कळावे.
आपली ओळखीची,
ग्वाक ओकबुन