मापाचं टोपण

१२ नोव्हेंबर, बुध.
मला रोजनिशीची हौस नाही. हे अठ्ठावीस दिवसांनी व्यसनमुक्ती केंद्रातून आज घरी आले, आणि निघताना तिथल्या समुपदेशक मॅडमनी मलाच विचारलं, "आंटीजी, आपने कब छोड़ा?" मी म्हटलं, आयुष्यात हात लावलेला नाही. "पीना नहीं, आंटीजी. नापना." आणि ही वही हातात दिली. यात ह्यांचं काही लिहायचं नाही. त्यांच्या पिण्यापायी मी दिवसभर काय काय केलं, तेवढंच.
बी.एस्सी. झालेय. बावीस वर्षं गणित शिकवलं. आता मला गृहपाठ.
तर. सहा वर्षं बाटल्या माझ्या लोखंडी कपाटात, किल्ली माझ्याकडे. हे फौजेतून सुभेदार होऊन इथल्याच बबीना छावणीतून निवृत्त झाले, त्यामुळे लष्करी कॅन्टीनचा दर महिन्याचा दारूचा कोटा ठरलेला. कॅन्टीनमधून तो मीच आणायची, ह्यांचं कार्ड आणि सहीचं पत्र दाखवून. संध्याकाळी सातला खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून द्यायची. सहा टोपणं. सातवं नाही. बाकीची ते बाहेर पीत, हे मला फार उशिरा कळलं.
उरलेली बाटली आज मोरीत ओतली.

१४ नोव्हें., शुक्र.
हे छावणीच्या रस्त्याने फिरून आले. पाणी देताना जवळ वाकून वास घेतला. काही नाही. कोट खुंटीला लावला, खिसे पाहिले. रुमाल, बडीशेप.
दरवेळी एवढं कोण लिहिणार? वा. = वास. खि. = खिसे.
वा. ३, खि. १.

१६ नोव्हें., रवि.
केंद्रात सभा. घरच्यांची खोली वेगळी. गरौठा गावचे हरदयाल भैया आमच्यात येऊन बोलले. नऊ वर्षं प्यायलेले नाहीत. मी कपाटाचं सांगितलं, शिस्त कशी ठेवली होती ते. ते हसले. "भौजी, तारो लगाए सें प्यास नईं मरत." कुलूप लावून तहान मरत नाही म्हणे.
माझ्यावर हसलेलं मला आवडत नाही.
वा. ४, खि. २.

२१ नोव्हें., शुक्र.
लेकीचा फोन. रेवाचं नेहमीचं, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "आई, पापा ठीक आहेत. फोनवर मला पता चलता है. तू त्यांची जेलर मत बन ना." म्हटलं, जेलर नसते तर आज पापा नसते.
ह्यांना झोप नाही. बसतात, उठतात, गच्चीवर जातात, परत येतात. मी मागोमाग.
वा. ५, खि. २, गच्ची ३ वेळा.

२ डिसें., मंगळ.
कॅन्टीनला गेले. डाळ, साबण, चहा. आणि अर्धा कोटा.
हो, आणला. शेजारच्या चौहानजींच्या मुलीचं लग्न आहे. दिवाळीपासून शब्द दिलाय. इथे फौजीच्या घराकडून लोकांची हीच अपेक्षा: लग्न असो, नळ असो, गच्चीची डागडुजी असो, "भाभीजी, वो कैंटीन वाली मिल जाती तो..." आणि हक्काचा कोटा वाया का घालवायचा? चार दिवसांचा प्रश्न. बाटल्या साड्यांच्या मागे ठेवल्या, कुलूप लावलं.
ह्यांना ठाऊक नाही.

४ डिसें., गुरु.
ठाऊक आहे.
सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "चार आहेत."
"काय चार?"
"काल साडी काढलीस तेव्हा वाजल्या."
चौहानजींच्या घरच्या लग्नाच्या आहेत म्हणून सांगितलं. माझ्यावर विश्वास नाही का, असंही विचारलं.
"तुझा आहे का माझ्यावर?"
भाजी चिरायला घेतली.
दिवसभर त्या खोलीत गेले नाहीत. मी मात्र सात वेळा जाऊन मोजल्या. चार. चार. चार.
वा. ६.

६ डिसें., शनि.
चौहानजी पिशवी घेऊन आले. दार ह्यांनीच उघडलं. "अरे सूबेदार साहब! आप तो संत हो गए. चलो, आपका हिस्सा हम पी लेंगे!" हे हसले. सगळे हसलो. मी बाटल्या काढून देईपर्यंत हे दाराची कडी धरून उभे. बोटं पांढरी पडलेली.
चौहानजी गेल्यावर म्हणाले, "एक सांगू? बाहेर प्यायचो, ती दारू. तू टोपणाने द्यायचीस, ते मला औषधच वाटायचं. घरी मी दारू पितच नाही, असं सहा वर्षं स्वतःला सांगत आलो."
मी त्यांचं आयुष्य वाचवत होते, असा माझा समज.
रात्री जेवले नाहीत. मीही नाही.

७ डिसें., रवि.
सभेत पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. कॅन्टीन, साड्या, चौहानजी. या वेळी हरदयाल भैया हसले नाहीत. एवढंच विचारलं, "भौजी, कारड अबै चालू है?"
चालू आहे. आणि जानेवारीच्या बाटलीचा शब्द गच्चीच्या गवंड्याला मी आधीच देऊन बसले होते. तेही सांगितलं.
ठरलं: मंगळवारी ह्यांनी स्वतः कॅन्टीनमध्ये जायचं, कोटा बंद करण्याचा अर्ज द्यायचा. सोबत भैया.
गवंड्याला फोन केला. "भाभीजी, फिर तो देर लगेगी." लागू दे.

९ डिसें., मंगळ.
सकाळी भैयांचा फोन. गरौठ्याहून निघायला जमत नाही, घरात आजारपण. परवा येतो म्हणाले.
मी चपला घातल्या. "चला, मी येते."
"नको. मी एकटा जातो."
"परवा भैया येतायत ना."
"परवापर्यंत ते कार्ड घरात नको."
कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. त्या कार्डावर आजही उरलेल्या चार बाटल्या मिळतात, आणि तिथे त्यांना कोणी अडवणार नाही. मॅडमना फोन लावला, लागला नाही. हे दारात उभे. दाढी केलेली, बूट चकचकीत.
चपला काढल्या.
दोनला गेले. कॅन्टीन चारला बंद होतं. आता पाच वाजून दहा मिनिटं. मी फोन केलेला नाही. दोनदा हातात घेऊन ठेवला.

आज ह्यांच्या हाती दिलं:
कॅन्टीनचं कार्ड.
त्यांच्या सहीची पत्रं, दोन, न वापरलेली.
लोखंडी कपाटाची किल्ली. आत नुसत्या साड्या आहेत, तरीही.
औषधाचं टोपण. हे त्यांनी मागितलं नव्हतं. हातावर घेऊन बघत राहिले, मग वरच्या खिशात ठेवलं.

फाटक वाजलं. सवयीने पेन चाललं; आकडा मात्र लिहायचा नाही.
वा.